लंगफिश वर येऊन श्वास घेतो, म्हणजे पाणी ठीक आहे असं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरला सुदामा नगरात दुसऱ्या मजल्यावर घर. ३ × १.५ × १.५ फुटांच्या टाकीत नऊ इंची आफ्रिकन लंगफिश आणि सोबत दोन ऑस्कर मासे. लंगफिश आठ दिवस खात नाही, अंगावर पांढरट पडदा दिसतो, एका ऑस्करच्या शेपटीचा लचका गेलाय. जानेवारी महिना आणि टाकीत हीटर नाही. नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, मधल्या दिवशी बोअरिंगचं वापरतात. दुकानदारानं सांगितलंय, "हा चिखलातही जगतो, याला काही होत नाही." विचारलंय ते असं: आजार कोणता, औषध कोणतं, सहा फुटी टाकी घ्यावी का, आणि त्याला चिखलात झोपवून बघता येईल का.

औषध आज कोणतंही टाकू नका. ऑस्कर आजच वेगळे करा, पाणी तपासून बदला आणि टाकीला हळूहळू ऊब द्या. येत्या दोन दिवसांत एवढं झालं तर पडद्याचा प्रश्न बहुधा आपोआप सुटेल. मोठी टाकी लागणारच आहे, पण ती या आठवड्यातली धावपळ नव्हे. चिखलाचा बेत मात्र डोक्यातून काढून टाका. कारण पुढे येईलच.

दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यापायीच हे मासे मरतात. आफ्रिकन लंगफिश, म्हणजे प्रोटॉप्टेरस, खरोखर फुप्फुसानं श्वास घेतो. मोठा झाल्यावर त्याला लागणाऱ्या प्राणवायूतला जवळजवळ सगळा वाटा हवेतून येतो, आणि वर यायला जागा मिळाली नाही तर तो पाण्यात बुडून मरतो. नेमकी इथेच फसगत होते. ऑस्कर असो की गोल्डफिश, पाणी बिघडलं की तो वर येऊन तोंडाची उघडझाप करतो आणि आपण लगेच बादली उचलतो. लंगफिश तर रोजच वर येतो. पाणी सडलं तरी येतो, काचेसारखं स्वच्छ असलं तरी येतो. त्याच्याकडून पाण्याची तक्रार ऐकू येत नाही. पण त्याचे कल्ले लहान असले तरी कामाचे आहेत. कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया त्याला पाण्यातच सोडावा लागतो. पाण्यातच अमोनिया साचलेला असला की अंगातला बाहेर पडेनासा होतो, आणि बाहेरचा त्याच्या मऊ कातडीला पोळत राहतो. त्याचे खवले बारीक आणि कातडीत रुतलेले असतात, वर सगळा बुळबुळीत थर. पोळायला लागलं की तो आणखी थर सोडतो. तुम्हाला दिसणारा पडदा बहुतेक तोच आहे.

म्हणून या माशाच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबू नका. थेंबांचं टेस्ट किट आणा: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच. कागदी पट्ट्या अमोनियासाठी भरवशाच्या नाहीत. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत. नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरला ४० मिलिग्रॅमच्या) आत असावं. आपल्याकडे एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवायची. माळव्याचा दगड काळा बेसाल्ट, त्यामुळे बोअरिंगचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, आणि नर्मदेचंही पीएच ८ च्या आसपास असतं. लंगफिशला त्याचा त्रास नाही, ६.५ ते ८ पर्यंत तो सहज राहतो. त्रास अमोनियाच्या हिशोबात होतो. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला साधारण अर्धा टक्काच विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. कोकणातल्या मऊ पाण्यात जो अमोनिया मासा निभावून नेईल, तेवढाच इंदुरात त्याच्या दहापट विषारी ठरतो.

आता आजचं काम. तुमची टाकी काठोकाठ भरली तर १९० लिटरची, पण वर पाच इंच हवा सोडल्यावर पाणी उरतं सुमारे १४० लिटर. सगळा हिशोब या १४० वर करा. आज ४० टक्के, म्हणजे ५५ लिटर पाणी बदला, उद्या पुन्हा तेवढंच. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यासाठी सोडियम थायोसल्फेटचे खडे २०० लिटरला २ ग्रॅम पुरतात. ५५ लिटरला अर्धा ग्रॅमच्या थोडं वर. नवीन पाणी टाकीतल्या पाण्याच्या तापमानाचं हवं, फरक दोन अंशांपेक्षा जास्त नको. जानेवारीत सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १४-१५ अंशांचं असतं, ते तसंच ओतू नका.

नंतर हीटर. १५० वॉटचा, जाळीच्या आवरणासकट. आवरण नसेल तर टाकीत घालूच नका. हा मासा ऊब शोधत हीटरला लोळून टेकतो आणि भाजेपर्यंत हलत नाही. आत्ता पाणी १७-१८ अंशांवर असेल, तर दिवसाला तीन-चार अंशांच्या वर चढवू नका. २६ वर आणून थांबा. गार पाण्यात त्याचं पचन मंदावतं, भूक मरते आणि जखमाही भरत नाहीत. आठ दिवस न खाण्याचं अर्धं उत्तर या थंडीतच आहे. एरवी लंगफिशला आठ दिवस उपास म्हणजे काहीच नाही.

मीठ घालायला हरकत नाही. साधं जाडं मीठ, आयोडीन नसलेलं, लिटरला १ ग्रॅम, म्हणजे १४० ग्रॅम. मगभर पाण्यात विरघळवून तीन वेळात घाला. दुसऱ्या दिवशी पाणी बदलल्यावर गेलेलं मीठ भरून काढा आणि पडदा कमी झालेला नसेल तर लिटरला २ ग्रॅमपर्यंत न्या. आठवड्याभरानं पाणी बदलत बदलत मीठ काढून टाका.

पडद्याकडे मात्र बॅटरी लावून नीट बघा, कारण तीन वेगळ्या गोष्टी लांबून सारख्याच दिसतात. ओल्या टिश्यू पेपरसारखा पातळ पापुद्रा सुटून पाण्यात लोंबत असेल आणि खालची कातडी गुळगुळीत, एका रंगाची असेल, तर तो नुसता जुना थर आहे. पाणी सुधारलं की तीन-चार दिवसांत जातो. एखाद्या जखमेवर कापसाचा बोळा चिकटवल्यासारखं दिसलं तर ती बुरशी. पोटाला किंवा पंखांच्या मुळाशी लाल रेषा, लाल चट्टे असतील तर जिवाणूंचा संसर्ग कातडीखाली उतरलाय. बुरशीला २५-२६ अंशांचं स्वच्छ पाणी आणि मीठ बहुधा पुरतं. लाल चट्ट्यांना मात्र घरगुती इलाज करत बसू नका. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्यापासून तासाभराच्या आत आहे. फोटो, पाण्याचे आकडे आणि माशाचं अंदाजे वजन घेऊन तिथे विचारा. तांब्याची औषधं, फॉर्मेलिन, मॅलाकाइट ग्रीन या माशाच्या टाकीत नकोत. खवल्यांचं चिलखत नसलेल्या कातडीतून ती झपाट्यानं आत जातात, आणि बाटलीवरचा डोस गोल्डफिशसाठी लिहिलेला असतो.

ऑस्करबद्दल. दोष कोणाचाच नाही. लंगफिशची नजर कमजोर असते. तो वासावर आणि समोरच्या जिवाच्या स्नायूंतून येणाऱ्या बारीक विद्युत लहरींवर चालतो. रात्री अंगाला काही लागलं की आधी चावतो. त्याच्या तोंडात सुटे दात नसतात, वर-खाली धारदार कडांचे दातांचे पत्रे असतात, गोगलगाईचं कवच फोडण्यासाठी घडवलेले. शेपटीचा लचका त्याच पत्र्यांनी नेलाय. आज शेपटी गेली, मासा दीड फुटी झाला की अख्खा ऑस्कर जाईल. उलट बाजूही आहे: ऑस्कर दिवसा लंगफिशच्या दोऱ्यासारख्या पंखांना टोचे मारतात. ते पंख पुन्हा वाढतात, पण तोवर जखम उघडी असते. हा मासा एकटाच पाळायचा. दोन लंगफिश एकत्र ठेवणं तर ऑस्करपेक्षा वाईट.

तुमच्याकडे नेमकी कोणती जात आहे, तेही बघून घ्या, कारण टाकीचा आकार त्यावर ठरतो. जगात लंगफिशच्या सहाच जाती उरल्यात: चार आफ्रिकन, एक दक्षिण अमेरिकन, एक ऑस्ट्रेलियन. आफ्रिकन चारांपैकी आपल्याकडच्या बाजारात बहुधा अॅनेक्टन्स येतो: भरीव अंग, तपकिरी-करडा रंग, त्यावर विखुरलेले गडद ठिपके. टाकीत तो दोन-अडीच फुटांचा होतो. अंगावर संगमरवरासारखी जाळीदार नक्षी असेल तर तो इथिओपिकस असू शकतो. तो निसर्गात सहा फुटांच्या आसपास जातो, घरगुती काचेच्या टाकीत त्याला जन्मभर ठेवता येत नाही. अंग वामासारखं लांब-सडपातळ असेल तर डोलोई. एखादा विक्रेता ऑस्ट्रेलियन लंगफिश देऊ करत असेल तर सावध व्हा. तो दिसायलाच वेगळा असतो, मोठे ठळक खवले आणि वल्ह्यासारखे मांसल पंख. तो साइट्स या धोक्यातल्या जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे जीव चौथ्या अनुसूचीत आलेत, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर त्यांची नोंदणी करावी लागते. आशियाई अरोवाना आणि अरापाइमा यांनाही नोंदणीचा हाच नियम लागू आहे. आफ्रिकन लंगफिश त्या यादीत नाही, तरी खरेदीची पावती जपून ठेवा.

एकदा हा मासा रुळला की किती वर्षं जगतो, ते टाकीवर पैसे घालण्याआधी मनाशी पक्कं करा. शिकागोच्या शेड मत्स्यालयात १९३३ साली आणलेला ऑस्ट्रेलियन लंगफिश २०१७ पर्यंत होता. आफ्रिकन एवढा जगत नाही, पण नीट ठेवला तर तोही दशकांच्या हिशोबात जगतो. घर बदलेल, मुलांचं कॉलेज होईल, मासा असेलच.

आता मोठी टाकी. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. रुंदीत काटकसर करू नका. दोन फुटी मासा दीड फुटी रुंदीत वळताना दुमडतो आणि नाक काचेला घासून घासून सोलून घेतो. उंची त्याच्या काहीच कामाची नाही. त्याला दर थोड्या वेळानं तळापासून वर यायचं असतं, त्यामुळे खोल पाणी म्हणजे उगाच दमणूक. दोन फुटी टाकीत पाणी दीड फूटच भरा, वरचं अर्धा फूट हवेचं. पाणी होतं साधारण ५१० लिटर. काच १२ मिलिमीटरची, वर आडव्या पट्ट्या.

वजनाकडे दुर्लक्ष करू नका. पाणी ५१० किलो, काच सव्वाशेच्या आसपास, स्टँड पन्नास-साठ. एकूण ७०० किलो, आणि टेकण्याची जागा जेमतेम १.१ चौरस मीटर. राहत्या घराची स्लॅब सहसा चौरस मीटरला २०० किलोचा भार धरून बांधलेली असते. टाकी खोलीच्या मध्यावर किंवा गॅलरीच्या बाहेर आलेल्या भागात कधीच नको. भिंतीला लागून, बीमच्या वर किंवा त्याला आडवी हवी, आणि इमारतीचा नकाशा दाखवून स्ट्रक्चरल इंजिनिअरचा होकार घ्या. एवढी खात्री होत नसेल तर तळमजल्यावर जागा शोधा. नुसता भार पडून टाकी फुटली असं क्वचित होतं. स्लॅब किंचित वाकते, स्टँड पिळतो आणि काचेचा सांधा सुटतो, तेही बहुधा रात्रीच.

झाकणाविषयी जरा विस्तारानं लिहितो, कारण टाकीबाहेर पडून जमिनीवर वाळून मरणारे लंगफिशही कमी नाहीत. हा मासा उडी मारत नाही. तो चढतो. शेपटी तळाला रेटून डोकं कोपऱ्यात खुपसतो आणि मागचं अंग ढकलत नेतो. फिल्टरच्या पाइपासाठी सोडलेली दोन इंची फट त्याला पुरते. झाकण दोन तुकड्यांचं, ८ मिलिमीटर काचेचं किंवा पत्र्याच्या चौकटीतल्या जाड जाळीचं करा, चारही कोपऱ्यांना क्लिपा लावा, आणि पाइप जातो तिथे नेमका पाइपाएवढाच कट ठेवा. मात्र काच हवाबंदही नको, दोन बाजूंना १० मिलिमीटरची भोकं पाडा. पाण्यावरच्या त्या अर्ध्या फुटातली हवा तो छातीत भरून घेतो. ती उबदार आणि दमट असायला हवी. डिसेंबर-जानेवारीत इंदुरात रात्री पारा ८-१० अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. उघड्या टाकीत खाली २६ अंशांचं पाणी आणि वर बर्फासारखी कोरडी हवा अशी स्थिती होते. झाकण नीट असेल तर खालच्या पाण्याची वाफ ती हवा सांभाळते.

फिल्टर ताकदीचा हवा, पण प्रवाह मंद. मांस खाणारा मोठा मासा अमोनिया भरपूर सोडतो, आणि जोराच्या धारेत त्याला राहवत नाही. सर्वांत सोपी मांडणी म्हणजे खाली तीन फुटी सम्प (फिल्टरची वेगळी टाकी) आणि ताशी १५०० ते २००० लिटरचा पंप, परतीचं पाणी मागच्या काचेवर पसरवणाऱ्या भोकांच्या पाइपातून. पाणी सम्पमध्ये सोडणाऱ्या ओव्हरफ्लोच्या कंगव्याच्या फटी ५ मिलिमीटरच्या आत ठेवा, नाहीतर मासा सरळ त्यात शिरतो. सम्पमध्ये हीटर ठेवता येतात हा मोठा फायदा. भाजण्याची भीती गेली, वायर चावण्याचीही गेली. ३०० वॉटचे दोन हीटर लावा, ६०० चा एक नको. एक अडकून चालूच राहिला तरी ३०० वॉटनं पाणी पटकन उकळत नाही, एक बंद पडला तर दुसरा रात्र काढून देतो. सगळ्या वायरींना टाकीच्या पातळीखाली लोंबता वळसा द्या म्हणजे थेंब बोर्डात जाणार नाही, आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या.

नवीन टाकीत मासा लगेच सोडला तर पुन्हा तेच अमोनियाचं चक्र सुरू होईल, कारण अमोनिया पचवणारे जिवाणू नव्या फिल्टरमध्ये अजून नसतात. जुन्या टाकीचा स्पंज आणि सिरॅमिकचे तुकडे न धुता नव्या सम्पमध्ये घाला, दोन आठवडे दोन्ही टाक्या चालू ठेवा. रोज तपासून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग पाच दिवस शून्य आले, मगच मासा हलवा. जुना स्पंज नसेल तर चार ते सहा आठवडे धरून चाला.

वीज गेली की लंगफिशवाले निर्धास्त असतात, कारण मासा तर हवेवर आहे. मासा राहतो, फिल्टरमधले जिवाणू राहत नाहीत. बंद कॅनिस्टरमध्ये, म्हणजे डबाबंद फिल्टरमध्ये, दोन-तीन तासांत प्राणवायू संपतो, जिवाणू मरू लागतात आणि आतलं पाणी सडकं होतं. वीज आल्यावर ते सगळं एकदम टाकीत येतं. कॅनिस्टर वापरत असाल तर मोठ्या खंडानंतर तो उघडा, आतलं पाणी फेका, माध्यम टाकीच्याच पाण्यात हलकेच खळबळा आणि मग सुरू करा. पाच वॉटचा एअर पंप आणि एक मोठा स्पंज इन्व्हर्टरवर ठेवलात तर तेवढे जिवाणू तगून राहतात. हीटर इन्व्हर्टरवर टाकू नका. झाकण बंद असेल तर ५०० लिटर पाणी चार तासांत फारसं गार होत नाही.

पाण्याचं वेळापत्रक इंदूरच्या नळाशी जुळवून घ्यावं लागतं. नर्मदा जलूदहून सत्तरेक किलोमीटर पंपानं चढून येते, आणि नळ आपल्या सोयीनं येत नाही. २०० लिटरचा खाद्यपदार्थांचा निळा ड्रम सियागंजात मिळतो. ५१० लिटरमधले २०० म्हणजे जवळपास ४० टक्के, आठवड्याचा बदल बरोबर एका ड्रमचा. नळाच्या दिवशी ड्रम भरा, थायोसल्फेट घाला, हवेचे बुडबुडे सोडणारा एक एअरस्टोन सोडून ठेवा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वापरा. नर्मदेचं आणि बोअरिंगचं पाणी आलटून पालटून वापरू नका. एकतर कायम नर्मदेचंच, नाहीतर दोन्हींचं ठरलेलं एकच मिश्रण. पीएच आणि जडपणा दर आठवड्याला वर-खाली होत राहिला तर माशाचा थर कायम सुटत राहतो, आणि मालकाला वाटतं आजार परत आला.

तापमानाचं साधं गणित एकदा मांडून बघा. जानेवारीत टाकीतलं ३१० लिटर पाणी २७ अंशांवर आहे आणि तुम्ही १४ अंशांचं २०० लिटर ओतलंत, तर टाकी २२ च्या खाली जाते. ड्रममध्ये ३०० वॉटचा सुटा हीटर टाकला तर १४ चं पाणी २५ वर यायला नऊ-दहा तास लागतात. रात्री लावा, सकाळी बदला. मे महिन्यात उलट होतं. गच्चीवरची काळी टाकी दुपारी ३८-४० अंशांवर असते, ते पाणी ओतलं तर २८ ची टाकी एकदम ३२ वर जाते. उन्हाळ्यात ड्रम घरात, सावलीत ठेवा आणि पहाटेचं पाणी भरा. टाकीच ३१ च्या वर जायला लागली तर सम्पच्या उघड्या पाण्यावर छोटा पंखा सोडा. आपली कोरडी हवा इथे कामाला येते, दोन-तीन अंश सहज उतरतात. उडालेलं पाणी मात्र रोज भरून काढावं लागतं.

तळाशी बारीक, गोल कणांची धुतलेली वाळू इंचभर, किंवा काहीच नाही. टोकदार खडी पोट खरवडते आणि घासाबरोबर गिळली जाते. लपायला सहा इंची पीव्हीसी पाइपाचा दोन फुटी तुकडा, कडा सँडपेपरनं घासलेल्या. दिसायला साधा, पण मासा तासन् तास त्यातच पडून राहील. प्रकाश मंद.

आता खाणं. तीन-चार दिवसांनी, पाणी २६ वर आणि अमोनिया शून्य झाल्यावर, दिवे मालवून एक गांडूळ टाका. गांडूळ बागेतल्या साध्या मातीतलं हवं, जिथे कीटकनाशक पडलेलं नाही. घरच्या कंपोस्ट पेटीतली लाल गांडुळं सहसा चालत नाहीत. ती दाबली की कडवट पिवळा द्रव सोडतात आणि मासा थुंकून टाकतो, मग पुढचे दोन दिवस तोंडही लावत नाही. फूटभर लांबीच्या चिमट्यानं त्याच्या नाकापुढे चार इंचांवर धरा. बोटानं कधीच देऊ नका.

तो खाताना एकदा जवळून बघाच, म्हणजे पुढे उगाच घाबरायला होणार नाही. आधी तो पुढचे दोरीसारखे पंख घासाला लावून चाचपतो. मग घास एकदम आत ओढला जातो, काचेला कान लावला तर टक् असा आवाज येतो. दोन क्षणांनी चुरडलेला घास अर्धा बाहेर येतो, पुन्हा आत, पुन्हा बाहेर, असं सात-आठ वेळा, आणि दर खेपेला तो जास्त लगदा झालेला असतो. ही उलटी नव्हे, त्याचं चावणंच असं असतं. प्रत्येक खेपेला बारीक कण पाण्यात सुटतात, म्हणून अर्ध्या तासानं नळीनं तळ ओढून घ्या. ऑस्करच्या टाकीपेक्षा ही टाकी लवकर का बिघडते, त्याचं एक कारण हे.

नऊ इंची पिल्लाला रोज संध्याकाळी एक-दोन गांडुळं किंवा बोटाच्या पेराएवढी सोललेली कोळंबी. फूटभर झाला की दिवसाआड. दोन फुटांच्या, किलोभर वजनाच्या माशाला आठवड्यातून दोनदा १५ ते २० ग्रॅम पुरतं. तो मागत राहील, देऊ नका. पोट डोक्यापेक्षा रुंद दिसायला लागलं म्हणजे चरबी चढली, आणि लंगफिशची चरबी उतरवायला महिने लागतात. रोज एकच पदार्थ नको. कोळंबी, तिलापियाची पट्टी, शिंपल्याचं मांस, बुडणाऱ्या मांसाहारी गोळ्या असं फिरतं ठेवा. गोल्डफिश आणि कार्प जातीचे मासे नेहमीचं खाणं म्हणून देऊ नका. त्यांच्यात थायमिनेज असतं, ते ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करतं, आणि दुकानातले स्वस्त जिवंत मासे सोबत आजारही घेऊन येतात. बाजारातली मासळी आठवडाभर डीप फ्रीझमध्ये ठेवून मगच द्या. गोगलगाई त्याला मनापासून आवडतात, पण तळ्यातल्या आणू नका, त्यांच्यातून कृमी येतात. गच्चीवर टबात रॅम्सहॉर्न जातीच्या गोगलगाई वाढवा, महिन्याभरात पुरतील एवढ्या होतात. मटण, काळीज, चिकन नको. सस्तन प्राण्यांची आणि पक्ष्यांची चरबी त्याला नीट पचत नाही.

खाण्याबरोबर एक वही ठेवा आणि दर आठवड्याला एकाच वेळी, दिवे मालवल्यावर, तो वर किती वेळानं येतो ते मोजा. प्रत्येक माशाचं अंतर वेगळं असतं, म्हणून दुसऱ्याच्या आकड्याचा उपयोग नाही, तुमच्या माशाचा आकडा हवा. नेहमीच्या अंतरापेक्षा तो अचानक निम्म्या वेळात वर यायला लागला तर आधी तापमान बघा, मग अमोनिया आणि नायट्राइट. ज्या माशाकडून पाण्याची तक्रार येत नाही, त्याची ही एवढीच खूण आपल्याला वाचता येते.

चिखलाचं. अॅनेक्टन्स निसर्गात पाणी आटलं की चिखलात बीळ करतो, अंगाभोवती श्लेष्माचं वाळलेलं वेष्टन तयार करतो आणि तोंडाशी श्वासाला बारीक नळी ठेवून पाऊस येईपर्यंत पडून राहतो. हे खरं आहे, आणि म्हणूनच ते करून बघण्याचा मोह होतो. पण तो आरामात झोपलेला नसतो. त्या काळात तो स्वतःचेच स्नायू जाळून जगतो, आणि अमोनिया बाहेर टाकता येत नाही म्हणून त्याचं युरियात रूपांतर करून अंगातच साठवतो. पाणी आल्यावर उठलेला मासा हाडकुळा आणि अशक्त असतो. घरच्या बादलीत माती वाळताना वरून तडे जातात, श्वासाची नळी बुजते किंवा वेष्टन फुटतं, आणि तुम्हाला आतलं काहीच दिसत नाही. शिवाय पुरेसं पाणी असलेल्या माशाला या झोपेची काही गरजही नसते. आत्ता आजारी, उपाशी आणि गारठलेला मासा चिखलात घातलात तर तो परत निघणार नाही.

पुढेमागे सांभाळणं झालं नाही तर तो सिरपूरच्या तलावात, यशवंत सागरात किंवा नर्मदेत सोडायचा नाही. सिरपूर आणि यशवंत सागर ही दोन्ही रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा आहेत, आणि परका शिकारी मासा एकदा शिरला की बाहेर काढता येत नाही. २०२३ साली काश्मीरच्या दल सरोवरात अॅलिगेटर गार हा अमेरिकेतला शिकारी मासा सापडला, तो स्वतःहून तिथे पोचला नव्हता. ज्याच्याकडे सहा फुटी टाकी आहे असा दुसरा पाळणारा आतापासूनच शोधून ठेवा.

मोठ्या टाकीत हलवण्याच्या दिवशी जाळं वापरू नका. पंख जाळीत गुंततात आणि मासा अंग पिळून ते तोडतो. झाकणाचा २५ लिटरचा टब टाकीतच आडवा करा, मासा काठीनं न ढोसता त्यात शिरू द्या, पाण्यासकट उभा करा. टब एक-तृतीयांशच भरलेला ठेवा, वरच्या जागेत साधी हवा. गाडीनं न्यायचा असेल तर पिशवीतही साधी हवाच भरा, दुकानदार सवयीनं सिलिंडरचा ऑक्सिजन भरायला जाईल, त्याला थांबवा. हा मासा ती हवा फुप्फुसात घेणार आहे. टबाचं झाकण बांधा, चाळीस मिनिटं दर पाच मिनिटांनी नव्या टाकीचं लिटरभर पाणी त्यात घाला, मग टब पाण्यात बुडवून मासा आपणहून निघू द्या. त्या रात्री दिवा नको, खाणं नको, आणि झोपण्याआधी झाकणाच्या चारही क्लिपा हातानं ओढून बघा.